रत्नागिरीचा उन्हाळा: वारा, उकाडा आणि हवामानाचा अंदाज कसा वाचावा

मे महिन्यात विदर्भातून रत्नागिरीत येणारे पाहुणे पहिल्या दिवशी तापमानाचा आकडा पाहून हसतात. घरी त्रेचाळीस अंश सोसून आलेल्या माणसाला आमचे तेहतीस अंश म्हणजे थंड हवेचे ठिकाण वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पाहुणा ओलाचिंब होऊन पंख्याखाली बसतो आणि ‘इथे घाम वाळतच नाही’ अशी तक्रार करतो. ही तक्रार अगदी बरोबर असते, कारण किनाऱ्यावरच्या गावाचा उन्हाळा तापमानाच्या आकड्यात फारसा दिसत नाही. तो वाऱ्याच्या दिशेत आणि हवेतल्या ओलाव्यात असतो. पुढील मांडणी रत्नागिरी शहर आणि आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. जयगडपासून देवगडपर्यंत ती थोड्याफार फरकाने लागू पडते. भारतीय हवामान विभागाचे अंदाज रोज वाचूनही ज्यांना ‘मग आज नेमके करायचे काय’ हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी ती आहे.

पहिली पायरी: आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

हवामान केंद्रावरचे तापमान सावलीतले असते. तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. त्यामुळे दुपारी दोन वाजता कातळावर, सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) किंवा डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे सोसावे लागते, ते त्या आकड्यात येत नाही. मोटारीच्या पडद्यावर दिसणारे एकेचाळीस अंश तापमान हे गाडीखालच्या रस्त्याने भाजलेल्या हवेचे असते. ते केंद्राच्या आकड्याशी ताडून ‘हवामान खाते खोटे सांगते’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. पावसाच्या आकड्याचीही एक गोम आहे. एखाद्या तारखेसमोर दिलेला पाऊस आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. म्हणजे काल संध्याकाळी पडलेला वळीव आजच्या खात्यात जमा होतो.

आता सरासरी पाहू. रत्नागिरीत मार्च ते मे या काळात दिवसाचे कमाल तापमान साधारण ३२ ते ३३ अंशांच्या आसपास राहते आणि मे महिन्यात रात्रीचे किमान तापमान २६ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवणे पुरेसे आहे. किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, तर किनाऱ्यावरच्या केंद्रासाठी ही मर्यादा ३७ अंश आहे. त्याबरोबरच तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असले, तर ती उष्णतेची लाट मानली जाते. फरक ६.४ अंशांच्याही पुढे गेला, तर तीव्र लाट. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडले, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणून ‘फक्त साडेसदतीस तर आहे’ असे म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. रत्नागिरीसाठी साडेसदतीस हा मोठा आकडा आहे.

दुसरी पायरी: वाऱ्याची वेळ नोंदवा

एकच सवय लावून घेणार असाल, तर ही लावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज दोन गोष्टी लिहा: सकाळी आठ वाजता वारा कोणत्या दिशेचा होता आणि खारा वारा किती वाजता सुटला. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. अंघोळीचे पाणी तापवायच्या चुलीचा धूर, दोरीवरचे कपडे किंवा माडाच्या झावळ्या पाहिल्या तरी दिशा कळते.

उन्हाळ्यातल्या शांत दिवसाचा क्रम असा असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो. सूर्य वर आला की जमीन झपाट्याने तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची तुलनेने थंड हवा आत येते. हाच खारा वारा. भाट्याच्या सुरूच्या बनात सकाळी साडेदहा वाजता उभे राहिलात, तर हा बदल अंगावर घेता येतो. आधी काही वेळ सगळे थांबते, सुरूची पाने गप्प होतात, उकडू लागते. मग पाण्यावर दूरवर एक गडद, खडबडीत पट्टा दिसतो, तो पुढे सरकत येतो आणि एकदम तोंडावर ओलसर झुळूक येते. त्या क्षणापासून तापमानाची चढण जवळपास थांबते. वारा अकराच्या सुमारास सुटला, तर त्या दिवशी पारा तेहतिसाच्या आसपास अडकतो. तो एक-दीड वाजेपर्यंत सुटलाच नाही, तर पारा छत्तीस-सदतीसच्या पुढे जातो. मुंबईपासून मालवणपर्यंतच्या बहुतेक उष्ण दिवसांमागे ‘खारा वारा उशिरा आला’ एवढेच कारण असते.

तो उशिरा का येतो, हेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधी कधी देशाच्या मध्यभागावर हवेचा जास्त दाब ठाण मांडतो आणि त्याच्या काठाने पूर्वेचे किंवा ईशान्येचे वारे दख्खनच्या पठारावरून कोकणाकडे वाहू लागतात. ही हवा मुळातच कोरडी आणि तापलेली असते. सह्याद्री उतरताना ती दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे एक अंशाने आणखी तापते. सहाशे-सातशे मीटर खाली उतरणारी हवा किनाऱ्यावर पोहोचते तेव्हा ती भट्टीतून आल्यासारखी लागते आणि समुद्रावरून येऊ पाहणाऱ्या वाऱ्याला दारातच अडवते. म्हणूनच किनाऱ्यावरची उच्चांकी तापमाने मे महिन्याऐवजी बहुधा मार्चमध्ये सापडतात. मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर ४१.७ अंश तापमान नोंदवले गेले ते २८ मार्च १९५६ रोजी. २०२५ साली तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता.

यातून घरच्या घरी वापरता येईल असा एक ठोकताळा निघतो, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. मार्च महिन्यात पहाटे छान गारवा असेल, आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि चुलीचा धूर समुद्राकडे जात असेल, तर ती दुपार कडक जाणार असे समजावे. कोरडी हवा रात्री लवकर निवते आणि दिवसा तितक्याच लवकर तापते. याउलट पहाटेच अंग चिकट होत असेल, तर पारा फार चढणार नाही; पण उकाडा दिवसभर राहील. माठही हेच सांगतो. पूर्वेचा वारा असलेल्या दिवशी माठातले पाणी दात आंबवील इतके गार होते. मे महिन्यात तोच माठ, तेच पाणी, आणि चव मात्र नळाच्या पाण्यासारखी, कारण ओल्या हवेत माठाच्या अंगावरचे पाणी उडून जातच नाही.

तिसरी पायरी: ओलावा मोजा, पण योग्य आकड्याने

बातम्यांमध्ये सांगितली जाणारी सापेक्ष आर्द्रता दिवसभर बदलत राहते. पहाटे ती नव्वद टक्के असते आणि दुपारी साठ टक्के, म्हणून दुपारी हवा कोरडी झाली असे नव्हे; हवा तापली की टक्का आपोआप खाली येतो. त्यामुळे ज्यांच्या भ्रमणध्वनीवर दवबिंदूचा आकडा दिसतो, त्यांनी तो पाहावा. हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. तो १५ अंशांच्या खाली असेल तर घाम सहज वाळतो; २० च्या पुढे चिकचिक जाणवते; २५ च्या पुढे गेला की बसल्या जागी घामाच्या धारा लागतात. रत्नागिरीत मे महिन्यात तो पंचविसाच्या आसपास मुक्काम ठोकून असतो.

पाहुण्यांच्या हसण्याचे उत्तर इथे आहे. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर शरीराला जाणवणारी उष्णता सुमारे ४१ अंशांएवढी होते. तापमान ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ती सावलीत सुमारे ३८ अंशांएवढीच भासते. म्हणजे आमचा तेहतीस हा त्यांच्या चाळिसाहून जड आहे. हे गणित सावलीतले असल्याने उन्हात काम करणाऱ्याने त्यात आणखी भर धरावी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, त्या दिवशीही पारा चाळिशीच्या खालीच होता.

जाता जाता खरेदीविषयी एक सूचना. पाण्यावर चालणारा कुलर किंवा वाळ्याचे पडदे यांवर किनाऱ्यावर पैसे घालवू नयेत. मार्चमधले मोजके कोरडे दिवस सोडले, तर ते खोलीत ओलावा वाढवण्यापलीकडे काही करत नाहीत.

चौथी पायरी: अंदाज वाचण्याचा क्रम ठरवा

हवामान विभाग एकच अंदाज देत नाही. वेगवेगळ्या पल्ल्यांचे अंदाज देतो, आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या हंगामाचा दृष्टिक्षेप येतो. त्यातून ‘यंदा उष्ण दिवस जास्त असू शकतील’ एवढाच सूर घ्यावा. त्यावरून लग्नाची तारीख ठरवू नये. दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. बागेतली मोठी कामे, छपराची दुरुस्ती यांसाठी तो उपयोगी पडतो. रोजच्या व्यवहारासाठी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज आणि इशारा पाहावा. त्यातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांवर भिस्त ठेवावी, पुढचे दिवस पेन्सिलीने लिहिल्यासारखे समजावेत. शेवटी येतो तो पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. गडगडाटी पावसाच्या दिवशी कामाचा असतो तो हाच.

शब्दांचे अर्थ नीट माहीत असले की अंदाज चुकल्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. रत्नागिरी जिल्ह्यासाठी तसे लिहिले असेल आणि सरी फक्त संगमेश्वरात पडल्या, तर अंदाज बरोबर ठरला, तुमचे अंगण कोरडे राहिले तरीही. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. पावसाच्या प्रमाणात ‘मुसळधार’ हा शब्द ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, ‘अति मुसळधार’ ११५.६ मिलिमीटरपासून, आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’.

रंगांबाबतही गैरसमज आहे. रंग हवामान किती वाईट असेल हे दाखवण्यापेक्षा आपण काय करावे हे सांगतात. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. उन्हाळ्यात कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा पिवळा इशारा वारंवार येतो आणि सवयीने तो कुणी वाचत नाही. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि बागेत मजुरी करणारी माणसे घरात असतील, तर तो वाचावा.

भ्रमणध्वनीवरच्या सूर्य-ढगांच्या चित्रांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ती चित्रे बहुधा एका मोठ्या चौकोनाची सरासरी दाखवतात, आणि त्या चौकोनात निम्मा समुद्र असतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः याची किंमत मोजली. कोकमाची सोले पाचवे पूट देऊन (कोकमाच्या रसात पाचव्यांदा भिजवून) गच्चीवर पसरली होती, एका अ‍ॅपवर पिवळाधमक सूर्य होता, आणि जिल्ह्याच्या इशाऱ्यात मात्र ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटांची सर आली आणि आठ दिवसांचे काम लाल पाणी होऊन पन्हळीतून वाहून गेले. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर जिल्ह्याचा इशारा, दुपारी तीनला तातडीचा अंदाज, आणि दोन्हींच्या मध्ये पूर्वेकडच्या आकाशावर एक नजर, असा माझा क्रम आहे. विभागाचे ‘मौसम’, विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ आणि शेतीसाठी ‘मेघदूत’ ही तीन अ‍ॅप पुरेशी आहेत.

पाचवी पायरी: दिवसाची आणि घराची आखणी करा

रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, दुपारी साडेबाराच्या सुमारास. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर एक दिवस उभ्या काठीची सावलीही पडत नाही. म्हणून उन्हातली कामे साडेदहापर्यंत आटोपावीत आणि चारनंतर पुन्हा सुरू करावीत. पूर्वेचा कोरडा वारा असेल त्या दिवशी नऊनंतर पूर्वेच्या खिडक्या बंद ठेवून पडदे ओढावेत आणि खारा वारा सुटल्याबरोबर पश्चिमेच्या खिडक्या उघडाव्यात. समोरच्या बाजूला एक झडप उघडी नसेल, तर हवा आत येऊन कोंडते, हे विसरू नये. जांभ्याच्या जाड भिंती दुपारी घर निववतात, पण सिमेंटची गच्ची रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. संध्याकाळी सहा वाजता गच्चीवर पाणी मारले आणि ते वाहून वाळू दिले, की वरच्या मजल्यावर झोप लागण्याइतका फरक पडतो.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घामावाटे मीठही जाते, म्हणून कोकम सरबत, ताक, पन्हे ही आपली पेये चिमूटभर मिठासह घेणे उत्तम. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. कुणाला डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे असे होऊ लागले, तर काम थांबवून सावलीत बसवावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा अंग कमालीचे तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही तसेच समजावे, कारण अंगमेहनत करणाऱ्याला उष्माघातातही घाम येऊ शकतो. अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालावा, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवावा, १०८ वर दूरध्वनी करावा आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

सहावी पायरी: आंबा आणि वाळवण

हापूस बागायतदाराला अंदाजातला वारा सर्वांत आधी पाहावा लागतो. पूर्वेचा कोरडा वारा तीन दिवस राहिला, तर वाटाण्याएवढी आणि गोटीएवढी फळे गळू लागतात आणि नैर्ऋत्येच्या बाजूची मोठी फळे भाजतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की, फळे वाटाण्याएवढी झाल्यावर शक्य असेल तिथे दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन करावे. आच्छादनाचा आणखी एक फायदा आहे. तापलेल्या कातळातून वर येणारी धग साका (फळाचा गर आतून खराब होणे) होण्यास कारण ठरते, आणि गवत तिला अडवते. अंड्याएवढ्या फळांना कागदी पिशव्या घातल्या, तर भाजणे आणि डाग दोन्ही कमी होतात.

काढणी चौदा आणे तयार झालेल्या फळांची, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून आणि सकाळी ऊन चढायच्या आत करावी. इशाऱ्यात गडगडाटी पाऊस असेल, तर तयार फळे आदल्या दिवशी उतरवून घ्यावीत, कारण पावसाने भिजलेल्या फळांवर करपा पसरतो आणि अढीत (पिकवण्यासाठी रचून ठेवलेल्या फळांत) तो आणखी वाढतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका बागायतदारांनी वाचावीच. फवारणी करावी की थांबावे, हे त्यात पिकानुसार लिहिलेले असते.

वाळवणासाठी निकष सोपा आहे. फेण्या, कुरडया, पापड मार्चमध्येच उरकावेत. त्या महिन्यातले पूर्वेचे वारे त्यांच्यासाठी वरदान आहेत. आंबापोळी, फणसपोळी आणि सोले मात्र मे महिन्यातच करावी लागतात, कारण फळच तेव्हा येते. तेव्हा ताटे उचलता येतील अशीच मांडावीत आणि चार वाजता आत घ्यावीत. रात्रीच्या ओल्या हवेत बाहेर राहिलेली पोळी दिवसभर कमावलेला कोरडेपणा गमावून बसते.

सातवी पायरी: समुद्रावर जाण्याआधी

भरती-ओहोटीसाठी जुना हिशेब आजही चालतो. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्या आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तर अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी उंचीची) भरती असते. हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक धरावा. होडी काढणाऱ्याने छापील कोष्टकच पाहावे.

लाटांचा अंदाज हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. त्यात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे दोन मीटर लिहिले असेल तर अधूनमधून जवळपास चार मीटरची लाट येऊ शकते. एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट घडते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा काही दिवसांनी इथे पोहोचतात. आकाश स्वच्छ, वारा नाही, आणि तरी पाणी एकाएकी मिऱ्याच्या बंधाऱ्यावर उसळते. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हा इशारा उधाणाच्या दिवशी आला असेल, तर होड्या वर ओढाव्यात आणि पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) मुलांना सोडू नये.

मेच्या मध्यानंतर दर्या खवळू लागतो. ज्या ठिकाणी लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ होऊन आत जाताना दिसते, ती जागा शांत समजून लोक तिथेच उतरतात. प्रत्यक्षात ती आत ओढणाऱ्या प्रवाहाची वाट असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. मच्छीमारांसाठी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचा इशारा असेल, तर पर्यटकांच्या नौकाविहाराचा विचारही करू नये. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

आठवी पायरी: वळीव आणि वीज

कोकणात वळिवाचे ढग बहुतेक वेळा सह्याद्रीवर जन्म घेतात. दुपारी दोनच्या सुमारास आंबा घाटाच्या बाजूला फुलकोबीसारखे पांढरे ढग उंच चढताना दिसले, त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला आणि खारा वारा अचानक पडला, तर तासा-दोन तासांत पूर्वेकडून गार झोत येईल असे समजावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद तीसपेक्षा कमी असतील तर घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मोकळा सडा, एकटा माड आणि आंब्याच्या झाडावर चढलेला गडी, या तिन्हींची त्या वेळी सर्वाधिक काळजी करावी.

नववी पायरी: चक्रीवादळाचे चार इशारे

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत: मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आले. ‘तौक्ते’ १६ मे २०२१ रोजी रत्नागिरीच्या समोरून उत्तरेकडे सरकले आणि कोकण किनाऱ्यावर न चढताही हापूसच्या शेवटच्या तोडणीचे मोठे नुकसान करून गेले. हवामान विभागाचे इशारे पायरीपायरीने येतात: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा, आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतरचा अंदाज. पहिल्या सूचनेला तयार आंबे उतरवावेत. दुसऱ्या सूचनेला पत्रे, पाण्याच्या टाक्या, सौर पट्ट्या बांधाव्यात आणि घरावर झुकलेल्या फांद्या तोडाव्यात. तिसऱ्या सूचनेनंतर छपरावर चढू नये. पाणी भरून, भ्रमणध्वनी भारित करून घरात बसावे. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

वारा कोणत्या बाजूने येईल याचा अंदाजही आधी बांधता येतो. वादळ समोरच्या समुद्रातून उत्तरेकडे जात असेल, तर रत्नागिरीत वारा आधी पूर्व-आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि शेवटी नैर्ऋत्येचा होतो. म्हणून फक्त समुद्राकडची बाजू बांधून स्वस्थ बसू नये. वादळाचा डोळा डोक्यावरून गेला, तर मध्येच सारे शांत होते, आणि मग उलट्या दिशेने पुन्हा तितकाच वारा येतो. त्या शांततेत पडझड पाहायला बाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

शेवटची पायरी: आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी

मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला येतो. रत्नागिरीची तारीख त्यांच्या मधली, मृग नक्षत्र लागण्याच्या सुमाराची. पण या तारखांवर आगोटीची कामे टांगून ठेवू नयेत. २०२५ साली पाऊस केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोहोचला, आणि कौले शाकारायची राहिलेली कितीतरी घरे गळली. छप्पर, पन्हळी, पऱ्ह्याची (ओहोळाची) साफसफाई आणि सरपणाची बेगमी १५ मेपूर्वी संपवावी, असा माझा तरी शिरस्ता आहे. धूळवाफ्यावर (पावसाआधी कोरड्या जमिनीत) भात पेरणाऱ्यांनी रोहिणी नक्षत्र पाहावेच, पण त्याबरोबर गुरुवारचा विस्तारित अंदाजही पाहावा. वळिवाच्या दोन सरींवर बी रुजते आणि पुढे दहा दिवस ऊन पडले की करपते.

वळीव आणि मोसमी पाऊस यांतला फरक दिनदर्शिकेतल्या नोंदींवरूनच कळतो. वळीव पूर्वेकडून, दुपारनंतर, विजांसह येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मतलई वारा सुटतो. मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो, त्याला वेळकाळ नसतो, विजा कमी असतात, ढग खाली उतरलेले असतात. सकाळी आठची नोंद सलग तीन दिवस नैर्ऋत्येची झाली आणि चुलीचा धूर पहाटेही डोंगराकडेच जाऊ लागला, की खाऱ्या वाऱ्याची वेळ लिहिण्याचे काम संपले. त्या दिवशी पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि झडपांवर झावळ्यांची झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा) बांधावी.